बॅरिअर ओलांडला दोघांनी, बिल तिघांत का?

प्रश्न: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सात जण तीन गाड्या घेऊन मनालीला गेलो. एका मित्राने स्वतःची थार पुण्याहून आणली होती. दुसऱ्याने मनालीत ओळखीतून पांढऱ्या नंबर प्लेटची फोर बाय फोर जीप भाड्याने घेतली. माझी साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह एसयूव्ही. अटल बोगद्यापलीकडे कोकसरला पोचलो तर पुढे ग्रांफूचा रस्ता बंद, आडवा बॅरिअर. पण बाजूने कुणीतरी गेल्याच्या चाकोऱ्या दिसत होत्या. मी ‘नको’ म्हणालो आणि एका मित्रासह तिथेच थांबलो. बाकी पाच जण दोन्ही जिपा घेऊन पुढे गेले. तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. थार रुतली. तिला दोर बांधून झटका देताना दुसऱ्या जीपचा पुढचा टोइंग हूक उपटला आणि ती मागे जाऊन चारीत पडली. सहापर्यंत कुणी परतेना म्हणून मी ११२ ला फोन केला. रात्री पोलीस आणि गावातली माणसं त्या पाचही जणांना चालवत घेऊन आली. गाड्या चौथ्या दिवशी निघाल्या. खर्च असा: जेसीबी ३२,०००, फावडी मारणारी सहा माणसं ९,०००, थारची जळालेली क्लच ३१,०००, भाड्याच्या जीपची दुरुस्ती ४६,०००, तिचं चार दिवसांचं बुडालेलं भाडं १६,०००. एकूण १,३४,०००. मित्र म्हणतात, ट्रिप सगळ्यांची होती, तिन्ही गाडीवाल्यांनी प्रत्येकी ४४,६६७ काढा. थारवाला तर म्हणतो की खरं म्हणजे हे सरकारने नाहीतर विमा कंपनीने द्यायला हवं. मी वाटा द्यायचा का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर: नाही. गाड्यांच्या खर्चातला एक रुपयाही तुमच्याकडे लागत नाही. ट्रिप सगळ्यांची होती हे खरं, पण बॅरिअरच्या पुढचा रस्ता सगळ्यांचा नव्हता. तुम्ही तोंडाने नको म्हणालात, गाडी थांबवलीत आणि वेळेवर फोन केलात. ज्याने हे तिन्ही केलं त्याच्यावर बिल टाकायचं, तर पुढच्या वेळी बॅरिअरपाशी थांबायला कोण तयार होईल?

तरी मित्रांना नुसतं ‘देत नाही’ म्हणून भागणार नाही, कारण त्यांच्या डोक्यात दोन वेगळे हिशेब एकमेकांत मिसळलेत. एक हिशेब माणसांच्या सुटकेचा, दुसरा गाड्यांच्या सुटकेचा. हे वेगळे केले की बरंचसं भांडण तिथेच मिटतं.

माणसांच्या सुटकेचं बिल आपल्याकडे सहसा येत नाही. त्या रात्री आलेल्या पोलिसांनी तुमच्या मित्रांकडे पैसे मागितले नाहीत, ते मागणारही नव्हते. जुलै २०२३ मध्ये चंद्रताल सरोवरापाशी अडीचशेहून अधिक पर्यटक बर्फात अडकले होते. ऐन जुलैत, हेही लक्षात घ्या. त्यांच्यासाठी कुंझुम खिंडीचा रस्ता लोसर गावाच्या बाजूने खणत आणावा लागला आणि आजारी असलेल्यांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने हलवलं गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या, तेव्हा पोलीस रात्रभर एकेक गाडी हाताने ढकलून खाली सोडत होते. या सगळ्याचे पैसे करातूनच गेले. म्हणजे थारवाल्या मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. त्याने कर भरला आणि त्याचा जीव वाचवायला माणसं आली. त्या करात त्याची थार बर्फातून उपसून देणं मात्र येत नाही. सीमा सडक संघटनेचं यंत्र रस्ता उघडायला निघतं. वाटेत आडवी आलेली गाडी ते बाजूला सारील. बंद केलेल्या रस्त्यावर, चारीत पडलेली खासगी जीप बाहेर काढणं हे त्यांचं काम नाही.

इतर देशांतही ही रेघ जवळपास इथेच आहे. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी शेरीफची माणसं तुम्हाला विनामूल्य बाहेर काढतात, गाडी मात्र तिथेच राहते आणि तिच्यासाठी खासगी टोइंगवाल्याशी तुम्ही बोलायचं. न्यू हॅम्पशरसारखं एखादं राज्य त्याच्या पुढे जातं. तिथे निष्काळजीपणा सिद्ध झाला तर सुटकेचा खर्चही वसूल होऊ शकतो. वर्षाला २५ डॉलरचं ‘हाइक सेफ’ कार्ड घेतलं की साध्या निष्काळजीपणाचं बिल माफ होतं, बेदरकारपणाचं नाही. ऐकायला हे न्यायाचं वाटतं, पण तिथल्या डोंगरी बचावपथकांच्या संघटनेचाच अशा वसुलीला विरोध आहे. कारण व्यवहारी आहे: बिलाच्या भीतीने माणसं फोन उशिरा करतात, आणि दुपारी दोन तासांत झालं असतं ते काम रात्रीच्या शोधमोहिमेवर जातं. आपल्या सह्याद्रीतही दर पावसाळ्यात ‘यांच्याकडून पैसे घ्या’ अशी ओरड होते, आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं तरीही फुकट दरीत उतरतात. आमचं मत त्यांच्या बाजूचं आहे. माणसांच्या सुटकेला किंमत लावू नये. नियम मोडल्याचा दंड लावावा, तो वेगळा.

तो दंड लागू शकला असता, हे त्या दोघांना सांगा. हिमस्खलनाचा धोका असताना जिल्हा प्रशासन आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३४ खाली वाहतूक रोखू शकतं. तो आदेश मोडला तर कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्यातून कुणाच्या जिवावर बेतलं तर दोन वर्षांपर्यंत. भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ ही त्याशिवायची तरतूद, त्यात माणसाच्या जिवाला धोका झाला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड. लाहौलमध्ये, म्हणजे कोकसरच्याच भागात, पोलीस हे बघत नाहीत असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये चंद्रा नदीच्या पात्रातून थार नेणाऱ्याला ३,५०० रुपयांचं चलन आलं होतं, तेही त्याच्या व्हिडिओवरून. त्यामुळे तुमच्या मित्रांनी बर्फातले रील्स कुठे टाकले असतील तर विम्याचा क्लेम करण्याआधी त्यांनी जरा विचार करावा.

‘गाडी फोर बाय फोर होती, मग अडलं कुठे?’ असं ते म्हणत असतील. बर्फ पडला की मनालीकडे पोलीस बरेचदा फक्त फोर बाय फोर गाड्या वर सोडतात, त्यातून हा गैरसमज पसरलाय. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी चढते. थांबायला आणि वळायला त्याचा काही उपयोग नाही, तिथे फक्त टायरची पकड चालते. थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी, जिम्नीचा २१०. ताजा बर्फ याहून खोल असला की गाडी तो पोटाने ढकलायला लागते, खाली दाबला गेलेला बर्फ चासीला उचलून धरतो आणि चाकं अधांतरी फिरतात. शिवाय कोकसरपुढचा बॅरिअर तुमच्या गाडीची ताकद बघून लावलेला नसतो, तो लावतात रस्त्यावरच्या उतारासाठी. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर साचलेला ताजा बर्फ सुटतो तेव्हा खाली कोणती गाडी उभी आहे हे तो बघत नाही. चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा रंगांच्या पातळ्यांत येतो. हवामान खात्याच्या अंदाजासोबत तोही बघावा. चाकोऱ्या दिसल्या म्हणजे रस्ता सुरक्षित असंही नाही. त्या सकाळच्या असतील, बर्फ हटवणाऱ्या यंत्राच्या असतील, किंवा पुढे जाऊन परत न आलेल्याच्या.

आता विमा. इथे तपशिलात जावं लागेल, कारण मित्राची आशा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे ना’ या एका वाक्यावर टांगलेली आहे. खासगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत पूर, वादळ, गारा, हिम-गारठा, दरड कोसळणं आणि बाहेरच्या कारणाने झालेला अपघात हे सगळं धरलेलं आहे. मात्र पॉलिसी भरपाई देते ती नुकसानीची. नुसती रुतलेली, पण न मोडलेली गाडी म्हणजे नुकसान नव्हे. अपघातानंतर गाडी जवळच्या गॅरेजला हलवण्याचा खर्च मिळतो, त्याची प्रमाणित मर्यादा खासगी गाडीला १,५०० रुपये. ३२,००० च्या जेसीबीपुढे ते किती पुरतील ते बघा. ही मर्यादा जादा हप्ता भरून वाढवता येते, पण ते निघण्याआधी करायचं असतं. रोडसाइड असिस्टन्सचं ॲड-ऑन असलं तरी त्याच्या बारीक अक्षरांत बहुतेक वेळा ‘वाहतुकीयोग्य रस्ता’ अशी अट असते, आणि बंद केलेला रस्ता त्यात बसवणं कठीण.

थारची क्लच जळाली ती चाकं जागच्या जागी फिरवत राहिल्याने. ती झीज आणि यांत्रिक बिघाडात मोडते, पॉलिसीत नाही. सर्व्हेअर क्लच प्लेट हातात घेऊन वास घेतो आणि नाही म्हणतो, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. हे ३१,००० थारवाल्याचेच. आणखी एक अट बहुतेकांना माहीत नसते: बिघडलेली किंवा अपघात झालेली गाडी पुरेशी काळजी न घेता बेवारस सोडली आणि त्यामुळे नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान तुमच्या अंगावर. गाडी सोडून यावंच लागलं तर चारही बाजूंनी फोटो, आसपासच्या खुणेसह एक फोटो, गाडी गिअरमध्ये, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी, काचा बंद, कुलूप, पोलिसांत नोंद आणि त्याच दिवशी विमा कंपनीला मेसेज. ते चार दिवस कुणी एवढं केलं होतं का, हे एकदा विचारून घ्या.

भाड्याच्या जीपचा मामला याहून वाईट. भाड्याने स्वतः चालवायला द्यायच्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी पैसे घेऊन दिली की ‘भाड्याने वापर नाही’ ही पॉलिसीतली अट मोडली, म्हणजे स्वतःच्या नुकसानीचा क्लेम जवळजवळ बुडालाच. परवान्याशिवाय गाडी भाड्याने फिरवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२अ खाली १०,००० रुपयांचा दंड आणि कैदही आहे, हे मालकाला पक्कं माहीत असतं. म्हणून तो विम्याकडे न जाता तुमच्या मित्राकडे रोख मागतो. मित्राने नुकसान भरून द्यावं, जीप त्याच्याच ताब्यात होती. पण ४६,००० चा आकडा तोंडी मान्य करू नये. गॅरेजचं पक्कं बिल, बदललेले जुने भाग आणि जीप बाहेर काढतानाचे फोटो मागावेत. आधीच वाकलेला बंपर या निमित्ताने नवा करून घेण्याची चाल मनालीतच काय, सगळीकडे चालते. बुडालेल्या भाड्याचे चार दिवस मात्र जीप खरोखर बर्फात होती, ते १६,००० वाजवी.

मग वाटणी कशी? आमच्या मते जेसीबीचे ३२,००० आणि माणसांचे ९,००० दोघांत निम्मे. दोघांनीही बॅरिअर ओलांडला, आणि एकाच फेरीत दोन्ही गाड्या निघाल्या. जीपची दुरुस्ती आणि बुडालेलं भाडंही निम्मं-निम्मं. जीपवाला थारला ओढतानाच पडला, म्हणून सगळा भार त्याच्यावर नको. पण तो तिथवर आपल्या पायांनी गेला होता आणि दोर चुकीच्या जागी त्यानेच बांधू दिला, म्हणून सगळा थारवाल्यावरही नको. क्लच थारवाल्याची. अशाने थारवाल्याकडे ८२,५०० आणि जीपवाल्याकडे ५१,५०० येतात. त्यांच्या गाड्यांत बसलेल्या तिघांनी आपापल्या गाडीच्या बिलातून थोडं उचललं तर ते त्यांच्या मनाचं मोठेपण. तुमच्याबरोबर थांबलेल्या मित्राकडे काहीच नाही. जेसीबीचं बिल जास्त वाटत असेल तर एवढं ध्यानात घ्या की मैदानात तासाचे हजार-दीड हजार घेणारं यंत्र वर आलं की तास त्याच्या जागेवरून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत मोजले जातात, चाकांना साखळ्या लागतात आणि ऑपरेटर जीव मुठीत धरून काम करतो. दर आधी ठरवायचा, तोही ‘तासाला’ की ‘कामाला’ हे स्पष्ट करून आणि दोन साक्षीदारांसमोर. उघड्या हवेत रात्री अकराला घासाघीस होत नाही.

दोराची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण जीप चारीत गेली ती बर्फामुळे नव्हे, हूकमुळे. बंपरमधलं झाकण काढून फिरवून बसवायचा जो हूक गाडीबरोबर येतो, तो बिघडलेली गाडी सपाट रस्त्यावर हळू ओढण्यासाठी असतो. बर्फात रुतलेल्या दोन टनांच्या गाडीला झटका दिला की त्याच्यावर गाडीच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो, त्यातही कोन वाकडा असेल तर आटे सोलून तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. या वेळी फक्त जीप गेली, हे नशीब. ओढायचं ते चासीला बोल्टने बसवलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच. टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, कधीही नाही. झटक्यासाठी नायलॉनचा काइनेटिक रोप लागतो. तो स्वतःच्या लांबीच्या २० ते ३० टक्के ताणला जातो आणि झटका पचवतो. थारएवढ्या गाडीला २२ मिमी जाडीचा, ९ मीटर लांबीचा पुरतो. शॅकल, म्हणजे दोर अडकवायची लोखंडी कडी, ४.७५ टनांचं घ्या, पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे. किंवा दोराचंच सॉफ्ट शॅकल घ्या, ते सुटलं तरी डोकं फोडत नाही. साधा टो-स्ट्रॅप किंवा लोखंडी साखळी असेल तर झटका अजिबात नाही: दोर आधी ताठ करायचा, मग हळू ओढायचं. दोरावर मध्यभागी जाड ब्लँकेट किंवा ओला जॅकेट टाका. चालक सोडून बाकी सगळे दोराच्या दीड पट लांब, आणि दोराच्या रेषेत कुणीही नाही. ओढणाऱ्या गाडीच्या चाकांना साखळ्या असाव्यात. नाहीतर दोन गाड्या रुततात, जसं तुमच्या मित्रांचं झालं. आणि गाडी ज्या दिशेने आत आली त्याच दिशेने बाहेर काढायची. पुढे ओढून ‘पार’ करायच्या मोहात पडू नये, पुढे काय आहे ते कुणालाच दिसलेलं नसतं.

खरं तर दोरापर्यंत जायची वेळ बरेचदा येतच नाही, पहिल्या दोन मिनिटांत पाय ॲक्सिलरेटरवरून काढला तर. चाक जागेवर फिरलं की खालचा बर्फ वितळतो आणि लगेच गोठतो, तुम्ही स्वतःच काच तयार करता. थांबायचं, उतरायचं, सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं. मग फावडं. प्रत्येक चाकापुढे आणि मागे मीटरभर लांब उतार, डिफरन्शियलखाली आणि पोटाखाली भरलेला बर्फ पूर्ण बाहेर. हे कंटाळवाणं काम अर्धा-पाऊण तास घेतं आणि हेच लोक टाळतात. स्टिअरिंग सरळ. टायरमधली हवा १८–२० पीएसआयपर्यंत उतरवा; १५ च्या खाली टायर रिममधून सुटायची भीती. लो रेंज, दुसरा गिअर, पाय हलका. पायातले रबरी मॅट चाकाखाली घालायचा सल्ला ऐकून आहात, पण मॅट बर्फावर मागे उडतात आणि कुणाच्या तरी नडगीवर बसतात. रिकव्हरी बोर्ड, म्हणजे चाकाखाली घालायच्या खाचांच्या फळ्या, नसतील तर रेती किंवा खडी बरी. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर तिसरा करू नये. परत डांबरावर आलात की कॉम्प्रेसरने हवा पुन्हा भरा. साखळ्या मुळात रुतण्याआधी घालायच्या असतात, आणि एकदा घरी, पार्किंगमध्ये, हातमोजे घालून घालून बघायच्या असतात.

पुण्याहून गाडी नेणाऱ्यांसाठी एक जास्तीचं. आपल्याकडे गॅरेजवाला कूलंट कमी दिसलं की सरळ नळाचं पाणी ओततो. इथे चालून जातं. कोकसरला रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो, तिथे ते पाणी गोठून रेडिएटर किंवा ब्लॉक फुटतो. निघण्यापूर्वी पूर्ण काढून इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, ते उणे ३५ च्या आसपासपर्यंत टिकतं. टाकीत मैदानातलं डिझेल घेऊन वर गेलात तर त्यातलं मेण फिल्टरमध्ये साचतं, गाडी सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडते. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ पासून लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं. लाहौलकडे जाताना निदान टाकी शक्य तितकी वरच्या पंपावर भरा. ट्रकवाल्यांचा जुना रॉकेलचा उपाय बीएस ६ इंजिनात करू नका, इंजेक्टर आणि पंपाचं वंगण जातं. उणे १८ ला बॅटरीची ताकद जवळजवळ निम्मी होते, म्हणून तीन-चार वर्षांची बॅटरी घरीच बदलून निघा. रात्री हँडब्रेक लावू नये, तो गोठून चिकटतो. गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावायचे.

आणि अंधार पडलाच तर? डिसेंबरअखेर तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य जातो, दरीत ऊन त्याच्याही आधी संपतं. म्हणून साडेतीनला नव्या रस्त्यावर शिरणं हीच मूळ चूक, बॅरिअर नसता तरी. अडकलात की गाडी सोडून चालत निघायचं नाही. ११२ ला फोन करा. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि राज्याचा १०७० आहे. फोन लागत नसेल तरी एसएमएस कधी कधी जातो. त्यात अक्षांश-रेखांश, किती माणसं, गाडीचा रंग, किती इंधन, कुणाला काय त्रास, एवढं एका मेसेजमध्ये. फोन बनियनच्या आत ठेवा, थंडीत बॅटरी झपकन उतरते. इंजिन तासाला दहाएक मिनिटंच चालवा, दर वेळी आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढून, आणि वारा ज्या बाजूने येतो तिच्या पलीकडच्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवून. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या ठिकाणाजवळ बर्फात अडकलेल्या गाड्यांत किमान २२ माणसं गेली. त्यातली काही थंडीने, तर काही कार्बन मोनॉक्साइडने गेली असावीत असं तेव्हा सांगितलं गेलं. या वायूला वास नसतो; डोकं दुखतं, झोप येते, आणि गाडीत ऊब असल्याने माणूस झोपतो. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. कातडीला रक्त जास्त जातं आणि शरीर आतून लवकर थंड होतं.

अमेरिकेतला भाऊ किंवा मेहुणा ‘गार्मिन इनरीच आणतो, बटण दाबलं की हेलिकॉप्टर’ म्हणेल. परवानगीशिवाय असं उपग्रह उपकरण भारतात बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटक याच कारणाने पोलिसांत गेले होते. त्यापेक्षा हॉटेलवाल्याला मार्ग आणि परतायची वेळ लिहून देणं कायदेशीर आणि फुकट.

तुमच्याकडे परत येऊ. वर दिलेली वाटणी कागदावर लिहून ग्रुपवर टाका, बिलांचे फोटो जोडा आणि चर्चा आकड्यांवर ठेवा. ‘मैत्रीत हिशेब कसला’ असं कुणी म्हणालंच, तर ४४,६६७ पर्यंत रुपया रुपया भागून हिशेब त्यांनीच सुरू केलाय, हे आठवण करून द्या. तुम्हाला काही द्यावंसं वाटतच असेल तर गाड्यांसाठी देऊ नका. त्या रात्री अंधारात पाच जणांना चालवत आणणाऱ्या गावकऱ्यांना कुणी काही दिलं का, हे तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. सहा माणसांचे ९,००० हे चौथ्या दिवसाच्या फावड्यांचे आहेत. ते राहिलं असेल तर सातही जणांनी मिळून आजच पाठवा. कुणाकडे पाठवायचे ते कोकसरचे पोलीस सांगतील.